‘पचायला हलके’ : न्याहारीच्या धान्याचा इतिहास

१९०८ साली निघालेल्या ‘इंपीरियल गॅझेटिअर ऑफ इंडिया’च्या आठव्या खंडात भिवंडीवर एक छोटी नोंद आहे. आज भिवंडी म्हटले की यंत्रमागांची खडखड आणि महामार्गालगतची गोदामे डोळ्यांपुढे येतात. त्या नोंदीत मात्र गावचा मुख्य उद्योग म्हणून भात सडण्याचे नाव आहे. व्यापाराच्या मालात तांदळाच्या जोडीला सुकी मासळी, कापड, गवत आणि लाकूड. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भिवंडी हे धान्यावर प्रक्रिया करणारे गाव होते. खाचरातून आलेल्या भाताची फोलपटे काढायची, कोंडा उतरवायचा आणि पांढरा तांदूळ बाजारात पाठवायचा, हे तिथले काम.

त्याच सुमारास अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक या गावीही धान्यावर प्रक्रिया चालू होती. तिथून जे निघाले ते आज आपल्या किराणा दुकानात खोक्यांत मिळते : कॉर्नफ्लेक्स. या दोन गावांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण मधुमेह झालेल्या माणसाने सकाळी काय खावे, हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर दोन्ही गावांतले काम शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागते.

प्रश्न नेहमीचा आहे. शिक्षकांच्या खोलीतही तो ऐकू येतो. ‘डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. पोहे-उपमा जड होतात. सकाळी कॉर्नफ्लेक्स घेतले तर? ते हलके असतात ना?’ विचारणाऱ्याच्या मनात ‘हलके म्हणजे निर्धोक’ असे समीकरण असते, आणि घोळ नेमका तिथेच आहे.

‘पचायला हलके’ हा आपल्याकडचा फार जुना आणि अनुभवातून आलेला शब्दप्रयोग आहे. तापातून उठलेल्याला कोकणात पेज देतात. बाळाला नाचणीचे सत्त्व देतात. आजाऱ्याला मऊ भात, लाह्या, चुरमुरे. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे : पचनाचे बरेचसे काम पोटात जाण्याआधीच होऊन गेलेले असते. धान्यातला स्टार्च हा ग्लुकोजच्या हजारो कणांची साखळी असतो. कच्च्या दाण्यात या साखळ्या घट्ट गुंडाळलेल्या बारीक कणांत बंद असतात आणि पचनरसातील विकरांना तिथे सहजासहजी शिरता येत नाही. पाणी आणि उष्णता मिळाली की हे कण फुगतात, सैल होतात, फुटतात. मग लाळेतले आणि स्वादुपिंडातले अमायलेज हे विकर साखळ्या भराभर तोडते. दाणा दळला, लाटला, फुलवला तर विकराला शिरायला आणखी वाटा मिळतात. अन्न हलके होते याचा अर्थ त्यातला स्टार्च लवकर ग्लुकोज होऊन रक्तात उतरतो.

निरोगी माणसाला याची फिकीर नसते. ग्लुकोज वाढू लागले की स्वादुपिंड इन्शुलिन सोडते आणि साखर पेशींत शिरते. मधुमेहात इन्शुलिन कमी पडते किंवा पेशी त्याला दाद देत नाहीत. अशा माणसाला तेवढेच ग्लुकोज दोन-तीन तासांत हळूहळू मिळाले तर ते कसेबसे सांभाळता येते. अर्ध्या तासात लोंढा आला तर नाही. तापातून उठलेल्यासाठी जो गुण, तोच इथे दोष ठरतो.

बॅटल क्रीकमध्ये हा गुण मुद्दाम शोधला गेला होता. तिथल्या मोठ्या आरोग्यधामाचे प्रमुख डॉ. जॉन हार्वे केलॉग हे सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट पंथाचे, कट्टर शाकाहारी. त्यांच्याकडे येणाऱ्यांत अपचनाच्या तक्रारी घेऊन येणारे पुष्कळ असत. डॉक्टरांचे मत असे की, धान्य भरपूर भाजले म्हणजे त्यातल्या स्टार्चचे डेक्स्ट्रिन होते, म्हणजे साखळ्या आधीच काही अंशी तुटतात, आणि दुबळ्या पोटाचे कष्ट वाचतात. या विचारातून रुग्णांसाठी तऱ्हेतऱ्हेचे धान्याचे पदार्थ तिथे तयार होत. त्याआधी १८६३ साली न्यूयॉर्क राज्यात जेम्स केलेब जॅक्सन यांनी ‘ग्रॅन्युला’ नावाचा पदार्थ काढला होता, पण तो इतका कडक की रात्रभर भिजवल्याशिवाय दात लागत नसे. १८९४ मध्ये जॉन हार्वे आणि त्यांचे धाकटे बंधू विल कीथ यांना असे आढळले की, शिजवलेला गहू काही काळ तसाच ठेवून रुळांमधून काढला तर सलग पापुद्रा न होता प्रत्येक दाण्याचा वेगळा पातळ पापुद्रा होतो. तो भाजला की कुरकुरीत. गव्हानंतर मका आला. १९०६ साली विल कीथ यांनी कॉर्नफ्लेक्सचा स्वतंत्र कारखाना काढला आणि चवीसाठी साखर घातली. थोरल्या भावाला ते मुळीच पटले नाही. पुढे दोघांत कोर्टकचेऱ्याही झाल्या.

(दाणा भिजवायचा, तापवायचा आणि ओला-गरम असतानाच चेपायचा, ही युक्ती आपल्याला नवी नाही. पोहे याच तत्त्वावर होतात. सुदाम्याने कृष्णासाठी नेलेली पुरचुंडी आठवावी. मात्र आपल्याकडे त्याचे पेटंट घ्यायचे कुणाला सुचले नाही. केलॉग यांनी १८९६ मध्ये घेतले.)

त्याच गावात सी. डब्ल्यू. पोस्ट नावाचे गृहस्थ होते. आधी आरोग्यधामाचे रुग्ण, मग केलॉगचे प्रतिस्पर्धी. त्यांनी १८९७ मध्ये काढलेल्या ‘ग्रेप नट्स’मध्ये ना द्राक्षे आहेत ना सुकामेवा. भाजताना धान्यात ‘ग्रेप शुगर’ तयार होते असा त्यांचा दावा होता, आणि नाव त्यावरून आले असे सांगतात. ग्रेप शुगर म्हणजे ग्लुकोज. पदार्थ अर्धवट पचवूनच दिला जातो, ही जाहिरातीतली प्रौढी होती. आज मधुमेहाच्या दवाखान्यात हीच जाहिरात भिंतीवर लावली तर ती धोक्याची सूचना म्हणून वाचली जाईल.

आता त्याच काळातल्या जर्मनीत जाऊ. इन्शुलिन १९२१ मध्ये सापडले आणि १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोत पहिल्यांदा रुग्णाला टोचले गेले. त्याआधी आहार हाच एक उपाय होता, आणि सर्वसाधारण नियम म्हणजे पिष्टमय पदार्थ तोडायचे. अशा वेळी कार्ल फॉन नूर्डेन या नामांकित वैद्यांनी १९०३ च्या सुमारास मधुमेह्यांना काही दिवस ओट आणि लोणी यांवर ठेवायला सुरुवात केली, आणि कित्येकांच्या लघवीतली साखर उतरली. धान्य खाऊन साखर कमी होते हे त्या वेळच्या समजुतीत बसणारे नव्हते. लोकांनी वाद घातले. इन्शुलिन आल्यावर ‘ओटचा उपचार’ मागे पडला. आपल्याकडे चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णासाठी जवावर भर दिलेला आहे, हेही इथे आठवायला हरकत नाही. ओट आणि जव या दोन्ही धान्यांत बीटा-ग्लुकान नावाचा विरघळणारा तंतुमय पदार्थ विशेष असतो. पाण्यात तो बुळबुळीत, घट्ट होतो आणि त्या घट्टपणात अडकलेला स्टार्च आतड्याच्या भिंतीपर्यंत सावकाश पोहोचतो. चरकाला बीटा-ग्लुकान माहीत होते असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. त्यांना रुग्ण माहीत होते, एवढे पुरे आहे.

इन्शुलिननंतरची पन्नासेक वर्षे आहाराचे शास्त्र वजनकाट्यावर चालले. अमेरिकेत १९५० मध्ये ‘अदलाबदलीच्या याद्या’ तयार झाल्या : अमुक इतका पाव म्हणजे तमुक इतका भात. कर्बोदकांचे ग्रॅम सारखे तर परिणाम सारखा, हे गृहीत. त्याला जोडून आणखी एक गृहीत होते, आणि ते अनेक पाठ्यपुस्तकांतही होते : साखर जलद आणि स्टार्च सावकाश.

या दोन्ही गृहीतांना धक्का बसला तो १९७६ ते १९८१ या थोड्या वर्षांत. १९७६ मध्ये डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, जेवणात गवारीच्या बियांचा डिंक मिसळला तर जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढते. पुढे टोरोंटोत जेंकिन्स यांनी सरळ मोजणीच सुरू केली. उपाशीपोटी आलेल्या निरोगी माणसांना ५० ग्रॅम कर्बोदके मिळतील इतका एकेक पदार्थ द्यायचा, दोन तास ठरावीक अंतराने रक्त तपासायचे, आलेख काढायचा आणि त्याखालचे क्षेत्रफळ शुद्ध ग्लुकोजच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहायचे. ग्लुकोजला १०० गुण. १९८१ मध्ये त्यांनी ६२ पदार्थांचे आकडे प्रसिद्ध केले. या आकड्याला ग्लायसीमिक इंडेक्स असे नाव मिळाले. आपण त्याला शर्करा-निर्देशांक म्हणू.

पुढे जगभर मोजण्या झाल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संकलनातल्या सरासऱ्या अशा : कॉर्नफ्लेक्स ८१, पांढरा भात ७३, तांदळाची पेज ७८, लाटलेल्या ओटची लापशी ५५, झटपट होणाऱ्या बारीक ओटची ७९, चपाती ५२, मसूर ३२, हरभरे २८, जव २८. आणि नेहमीची साखर? ६५. कॉर्नफ्लेक्सपेक्षा कमी! विद्यार्थ्यांना हा आकडा सांगितला की वर्गात हमखास चुळबुळ होते. कारण अवघड नाही. साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज. फ्रुक्टोज बहुतांशी यकृताकडे जाते आणि रक्तातले ग्लुकोज फारसे वाढवत नाही. शिजवून, लाटून, भाजून मोकळा केलेला स्टार्च मात्र जवळजवळ सगळा ग्लुकोजच. याचा अर्थ साखर खावी असा नव्हे. गोडपणावरून रक्तशर्करेचा अंदाज बांधता येत नाही, एवढाच. ओटच्या दोन आकड्यांतले अंतरही पाहा. धान्य तेच, खोक्यावरचे नाव तेच; फरक फक्त किती बारीक केले आणि आधी किती शिजवले याचा.

आता पुन्हा भिवंडीच्या भाताकडे. मधुमेहाचा विषय निघाला की पॉलिशच्या तांदळाला नावे ठेवली जातात आणि हातसडीच्या तांदळाची आठवण निघते. घिरट आणि उखळ-मुसळ जाऊन यंत्रे आली, कोंडा पूर्ण उतरू लागला, हे खरे. कोंड्याबरोबर ब जीवनसत्त्व जाते आणि बेरीबेरी होतो, हे ज्ञान जावामध्ये आइकमान यांनी कोंबड्यांवर केलेल्या निरीक्षणांपासून सुरू झाले, त्याचे महत्त्व वादातीत आहे. पण रक्तशर्करेपुरते बोलायचे तर हिशेब वेगळा निघतो. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात केरिन ओ’डी आणि सहकाऱ्यांनी चार प्रकारे तांदूळ दिला : पांढरा अख्खा, पांढरा दळलेला, कोंड्यासकट अख्खा, कोंड्यासकट दळलेला. अख्खा असताना पांढरा आणि कोंड्याचा यांत फारसा फरक पडला नाही. दळल्यावर मात्र दोन्हींची रक्तशर्करा स्पष्टपणे जास्त चढली. वरच्या संकलनातही बिनसडीच्या तांदळाची सरासरी ६८ आहे, पांढऱ्याची ७३. अंतर आहे, पण थोडे. म्हणजे दाण्याचे कपडे काढण्यापेक्षा दाणा मोडणे जास्त महागात पडते. भिवंडीत सडलेला तांदूळ निदान अख्खा तरी राहत होता. बॅटल क्रीकने दाणाच मोडला.

उकड्या तांदळाची गोष्ट आणखी निराळी. भात सालासकट उकडून वाळवले की स्टार्च थंड होताना पुन्हा काहीसा घट्ट बांधला जातो. अशा तांदळाचा निर्देशांक साध्या तांदळापेक्षा बहुधा कमी भरतो, पण तो तांदळाच्या जातीवर आणि उकडण्याच्या रीतीवर ठरतो. त्याचीच मऊसूत पेज केली की हा फायदा आटतो, हेही लक्षात ठेवायला हवे. नाचणीचेही तसेच. भाकरी एक, मोड आणून-गाळून केलेले सत्त्व दुसरे आणि नाचणीचे बिस्किट तिसरे. ‘नाचणी चालते का?’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर देता येत नाही.

निर्देशांकाची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर शिक्षकांच्या हाती आणखी एक पाठांतराची यादी पडेल. तो ५० ग्रॅम कर्बोदकांवर मोजतात. आपण ताटात किती घेतो हे तो सांगत नाही. कॉर्नफ्लेक्सची एक वाढणी ३० ग्रॅमची, त्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके. वर पेलाभर दूध, त्यातली दुग्धशर्करा १० ग्रॅम, आणि दोन चमचे साखर आणखी १०. एकूण ४५. साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांची बशीही साधारण तिथेच जाते. तेव्हा पोहेही धुतल्या तांदळाचे नाहीत. फरक पडतो तो जोडीला काय आहे याने : शेंगदाणे, मटार, तेल, वर लिंबू. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात, आंबटपणाही थोडी मदत करतो.

भारतात कॉर्नफ्लेक्स आधीही मिळत; मोहन मीकिन कंपनी ते बनवत असे. पण १९९४ मध्ये केलॉग कंपनी तळोज्याचा कारखाना घेऊन उतरली तेव्हा त्यांचा गाजावाजा झाला. तळोजे भिवंडीच्या खालच्या अंगाला, शिळफाट्याच्या पलीकडे. कंपनीला पहिली अडचण आली ती दुधाची. पापुद्रे थंड दुधात कुरकुरीत राहावेत अशी योजना होती. आपल्याकडे सकाळचे दूध गरम. गरम दुधात त्यांचा लगदा झाला, आणि वरून साखर पडली ती वेगळीच. बॅटल क्रीकने अर्धे पचवून पाठवलेला मका आपण उरलासुरला पचवून खाऊ लागलो.

न्याहारीच्या बाबतीत हे अधिक जाणवण्याचे कारण घड्याळात आहे. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक यांचे प्रमाण चढते. ही संप्रेरके इन्शुलिनच्या विरुद्ध काम करतात, यकृत साखर सोडते, आणि अनेक मधुमेह्यांची रक्तशर्करा काही न खाताच पहाटे वर सरकते. म्हणून रात्री जे पदार्थ निभतात तेच सकाळी निभत नाहीत. त्यात आपली शरीरे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचा उंचीशी ताडलेला वजनाचा निर्देशांक सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ असलेला भारतीय आतून तसा असतोच असे नाही, आणि जास्त चरबी असली की इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या १९७० च्या दशकातल्या पाहणीत शहरी लोकांपैकी २.१ टक्के आणि ग्रामीणांपैकी १.५ टक्के मधुमेही आढळले होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्राचा आकडा ८.४ टक्के आला, आणि २०२३ मध्ये साऱ्या देशाचा ११.४. हे सारे न्याहारीच्या माथी मारता येणार नाही. अंगमेहनत घटली, आयुष्यमान वाढले, तपासण्याही वाढल्या. भात सडणाऱ्या बाईने पेज खाल्ली तर मुसळ चालवणारे तिचे स्नायू त्यातले ग्लुकोज उचलत होते.

मग खावे काय? कुणा एका धान्याचे नाव घेण्यापेक्षा दाणा किती शाबूत आहे हे पाहावे. मोडाची मटकी, हरभऱ्याची उसळ, मूग : कडधान्यांत स्टार्च पेशींच्या चिवट भिंतींआड असतो आणि शिजवल्यावरही बराचसा तिथेच राहतो. जेंकिन्स यांनी १९८२ मध्ये मसुराची न्याहारी दिलेल्यांची दुपारच्या जेवणानंतरचीही रक्तशर्करा कमी चढते असे दाखवले. सकाळच्या घासाचा परिणाम दुपारपर्यंत पुरला. ज्यांच्याकडे ग्लुकोमीटर आहे त्यांनी खाण्याआधी आणि दोन तासांनी मोजून पाहावे. स्वतःचा आकडा छापील यादीपेक्षा जास्त विश्वासाचा. मात्र इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने न्याहारी आपल्या मनाने कमी करू नये किंवा टाळू नये. औषधाची मात्रा त्या खाण्यावर बेतलेली असते.

शाळेत याला दुसरी बाजू आहे. वर्गात इन्शुलिन घेणारे मूल असेल आणि प्रार्थनेच्या वेळी ते घामाघूम झाले, थरथरू लागले, असंबद्ध बोलू लागले, तर त्या क्षणी त्याला ‘हलके’ तेच हवे असते. शुद्धीवर असेल तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, सावरल्यावर खायला द्यावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काही घालू नये; डॉक्टरांना बोलवावे. अशा वेळी उसळ उपयोगाची नाही.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग. दोन परीक्षानळ्या घ्या. एकीत कॉर्नफ्लेक्सचा चुरा कोमट पाण्यात कालवून, दुसरीत तितकेच कच्चे तांदळाचे पीठ. प्रत्येकीत एकाच विद्यार्थ्याची सारखी लाळ घाला (हाताळणी त्यानेच करावी) आणि नळ्या अंगाच्या उष्णतेइतक्या कोमट पाण्यात ठेवा. दर दोन मिनिटांनी एकेक थेंब काढून पांढऱ्या बशीतल्या सौम्य आयोडीनवर टाका. कॉर्नफ्लेक्सच्या नळीतला निळा रंग आधी जांभळट, मग तपकिरी होत जाईल. कच्च्या पिठाची निळाई बराच वेळ हटणार नाही. तिसऱ्या नळीत एक शिजवलेला अख्खा हरभरा लाळेत बुडवून तास संपेपर्यंत ठेवा. मग तो मधोमध कापा आणि आतल्या गरावर आयोडीनचा थेंब टाका. तो काळानिळा होईल.